ऊर्जेचा हिशेब मांडणारे जेम्स ज्यूल

सायकलचा ब्रेक दाबला की चाक थांबते, तळहात एकमेकांवर घासले की ऊब येते. या नित्याच्या अनुभवांमागे निसर्गाचा एक काटेकोर हिशेब आहे. तो प्रयोगांनी सिद्ध करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचे चरित्र उद्बोधक आहे.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथे झाला. घराण्याचा बिअर तयार करण्याचा कारखाना होता. प्रकृती नाजूक असल्याने त्यांचे शिक्षण घरीच झाले. मात्र अणुसिद्धांताचे प्रणेते जॉन डाल्टन यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी ते कधी चढले नाहीत.

कारखान्यातील वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र परवडेल काय, या व्यवहारी प्रश्नातून त्यांचे संशोधन सुरू झाले. बॅटरीतील जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडते, असे उत्तर मिळाले. परंतु या मोजमापांच्या ओघात मोठा नियम हाती आला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. दूरवर वीज नेताना दाब उच्च व प्रवाह कमी ठेवतात, तो ही गळती टाळण्यासाठीच.

उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. ज्यूल यांनी पाण्याने भरलेल्या भांड्यात पाती बसविली आणि खाली उतरणाऱ्या वजनांच्या ओढीने ती फिरविली. वजने वीस वेळा उतरविल्यावर पाण्याचे तापमान जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट वाढे. एवढा सूक्ष्म फरक कोणी मोजू शकेल, यावर अनेकांचा विश्वास बसेना. १८४४ मध्ये त्यांचा एक निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. ज्यूल निराश झाले नाहीत. प्रयोग करीत राहिले. १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन यांचे लक्ष त्यांच्या कार्याकडे वेधले गेले. १८५० मध्ये रॉयल सोसायटीनेच त्यांचा निष्कर्ष छापला : एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास, ७७२ पौंड वजन एक फूट उतरताना होते तेवढे कार्य लागते. आजच्या मूल्याशी यात एक टक्क्याहूनही कमी फरक आहे.

जर्मनीत रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये हाच विचार स्वतंत्रपणे मांडला होता. यातूनच ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दृढ झाला. मग ऊर्जा वाया जाते म्हणजे काय? थॉमसन यांनी १८५२ मध्ये उलगडा केला : ऊर्जा नष्ट होत नाही, पण उष्णतेच्या रूपाने विखुरते आणि पूर्वीइतकी उपयोगी राहत नाही. ब्रेकची गरमी पुन्हा चाक फिरवीत नाही; जुन्या तारेच्या दिव्यात बहुतांश वीज प्रकाशाऐवजी उष्णतेतच खर्ची पडते.

पत्नीचा १८५४ मधील मृत्यू, पुढे आलेली आर्थिक चणचण यांतही ज्यूल यांची साधना थांबली नाही. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल येथे त्यांचे निधन झाले. १८७८ मध्ये पुन्हा मोजून काढलेला ७७२.५५ हा आकडा त्यांच्या समाधीशिलेवर कोरला आहे. ऊर्जेचे एकक त्यांचेच नाव धारण करते. ऊर्जा अक्षय्य असली, तरी तिची उपयुक्तता अक्षय्य नाही. म्हणूनच ती जपून वापरावी, हाच त्यांच्या कार्याचा बोध होय.