सीमेवरचा ‘नाचो’

मल्टिप्लेक्सच्या मध्यंतरात पॉपकॉर्नच्या शेजारी, पिवळ्याधमक चीज-सॉसच्या वाटीसह मिळणारे मक्याचे त्रिकोणी तुकडे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला आता नवे राहिलेले नाहीत. ‘नाचोज’ हे नाव ऐकून हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या माणसाच्या मनात आधी नृत्याचा विचार यावा, हे स्वाभाविकच. या शब्दाचा नृत्याशी काडीचाही संबंध नाही. ते एका माणसाचे नाव आहे आणि तेही पाळण्यातले नव्हे, हाक मारायचे. आपल्याकडे जसा दत्तात्रयाचा दत्तू आणि पांडुरंगाचा पांडू होतो, तसा स्पॅनिश घरांत इग्नासिओचा नाचो होतो.

इग्नासिओ अनाया गार्सिया यांचा जन्म 15 ऑगस्ट 1895 रोजी मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील मॅन्युएल बेनाविदेस या गावी झाला. ते पंधरा वर्षांचे असताना, 1910 मध्ये, मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि पुढची दहा वर्षे देश त्यात होरपळत राहिला. अनाया यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते मात्र रणांगणावर नव्हे, कोआविला राज्यातल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या शहरात. काळे दगड असा या नावाचा अर्थ. परिसरातल्या कोळशावरून ते पडले. शहरासमोरून नदी वाहते. अमेरिकी लोक तिला रिओ ग्रांदे म्हणतात, मेक्सिकन लोक रिओ ब्राव्हो. पूल ओलांडला की टेक्सासमधले ईगल पास लागते.

सीमेवरच्या गावांचे अर्थकारण वेगळेच असते. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा घसा ओला करण्यासाठी अमेरिकी लोक नदी किंवा कुंपण ओलांडून मेक्सिकोत येत. बंदी उठली, तरी पलीकडे जाऊन जेवण्याची, दोन घोट घेण्याची सवय टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात ईगल पासजवळ वैमानिकांना शिक्षण देणारा लष्करी विमानतळ उभा राहिला आणि अधिकाऱ्यांची कुटुंबे त्या लहानशा गावात येऊन राहिली. संध्याकाळी पुलापलीकडे जाणे, हा त्यांचा हक्काचा विरंगुळा. त्यांच्या आवडत्या ठिकाणांपैकी एक म्हणजे रोदोल्फो दे लोस सांतोस यांचा व्हिक्टरी क्लब. अनाया तिथे आल्यागेल्याची आस्थेने व्यवस्था पाहणारे प्रमुख होते.

पुढचा प्रसंग बहुतेक कथनांत 1943 सालचा सांगितला जातो. काही जण तो 1940 चा मानतात. ईगल पासहून काही अमेरिकी महिला क्लबमध्ये आल्या. त्यांच्यात मेमी फिनन नावाची एक बाई होती. नेहमीपेक्षा काही वेगळे खायला मिळावे, अशी त्यांची फर्माईश. पंचाईत अशी, की आचारी जागेवर नव्हता. पाहुण्यांना रिकाम्या हाती परत पाठवणे अनाया यांच्या धंद्यात बसणारे नव्हते. ते स्वतः मुदपाकखान्यात शिरले. हाताशी आल्या त्या टॉर्टिया त्यांनी कापल्या, तुकडे कुरकुरीत तळले, प्रत्येकावर चेडर जातीचे चीज घातले, ते वितळू दिले आणि वर मुरवलेल्या हालापेन्यो मिरचीची एकेक चकती ठेवली. बशी टेबलावर गेली आणि बघता बघता रिकामी झाली. या पदार्थाला नाव काय, हा प्रश्न आलाच. नाव अर्थातच नव्हते. तेव्हा तो नाचोंचा खास पदार्थ ठरला. स्पॅनिश-इंग्रजीच्या खिचडीत ‘नाचोज एस्पेसिआलेस’. पुढे विशेषण गळून पडले आणि उरला तो नुसता माणूस.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून त्याच्या टॉर्टिया करण्याची कला मेक्सिकोत हजारो वर्षांची. शिळ्या टॉर्टिया तळून खाणे हेही तिथल्या गृहिणीला, आपल्याकडच्या फोडणीच्या पोळीइतकेच, जुने. मिरची तर त्याच मातीतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती भारताच्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या ठेच्यापर्यंत पोहोचली. चीज मात्र अमेरिकी चवीचे होते. नदीच्या दोन्ही काठांची चव एका घासात आणणे, हे अनाया यांचे श्रेय. म्हणूनच हा पदार्थ अस्सल मेक्सिकन की टेक्सासचा, हा वाद फारसा फलदायी नाही. तो पुलावरचा पदार्थ आहे.

पूल ओलांडायला त्याला वेळ लागला नाही. 1949 मध्ये टेक्सासच्या पाककृतींवरील एका इंग्रजी पुस्तकात तो छापला गेला. 1954 मध्ये ईगल पासच्या चर्चमधील महिलांनी काढलेल्या पाकपुस्तकात त्याची कृती आली. 1959 मध्ये कार्मेन रोचा या वेट्रेसने तो लॉस एंजेलिसच्या एल चोलो उपाहारगृहात नेला. पदार्थ असा गावोगाव फिरत असताना ज्याचे नाव त्याला होते, त्याच्या हाती मात्र त्यातले काहीच पडत नव्हते. 1960 च्या सुमारास अनाया यांच्या मुलाने सॅन अँटोनिओच्या एका वकिलाचा सल्ला घेतला. वडिलांचा हक्क कायद्याने सांगता येईल का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. पण फार वर्षे लोटली होती. पदार्थ सार्वजनिक झाला होता, आता काही करता येण्याजोगे नाही, असे उत्तर मिळाले. व्हिक्टरी क्लब बंद झाल्यावर अनाया यांनी पिएद्रास नेग्रासमध्येच स्वतःचे उपाहारगृह थाटले आणि आपल्याच नावाचा पदार्थ गिऱ्हाइकांना खिलवीत राहिले. 1975 मध्ये त्यांचे निधन झाले.

खरा पैसा त्यानंतर वाहू लागला. 1976 मध्ये फ्रँक लिबर्टो या सॅन अँटोनिओच्या व्यावसायिकाने आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर नाचोज विकायला सुरुवात केली. चीज वितळण्याची वाट पाहायला प्रेक्षकाला सवड नसते, हे त्याने ओळखले आणि पंपाने ओतता येणारा, घट्ट न होणारा सॉस आणला. 1978 मध्ये फुटबॉल सामन्याच्या प्रक्षेपणात समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी हा शब्द उच्चारला आणि तो घरोघर पोहोचला. आपल्या मल्टिप्लेक्समधली वाटी या घराण्यातली. अनाया यांच्या बशीशी तिचे नाते दूरचे. त्यांच्या बशीत सॉस नव्हता, तुकड्यांचा ढीगही नव्हता. प्रत्येक तुकडा स्वतंत्र सजवलेला असे.

शब्द इतका रुळला, की त्यामागे कोणी माणूस असेल, हेच लोक विसरले. ऑक्सफर्ड शब्दकोशासाठी काम करणाऱ्या अ‍ॅड्रियाना ऑर यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुने कागद धुंडाळून या शब्दाचा माग थेट पिएद्रास नेग्रासपर्यंत काढला. त्या शहराने अनाया यांच्या स्मरणार्थ कांस्य फलक लावला. तिथे ऑक्टोबरात नाचोजचा उत्सव भरू लागला आणि 21 ऑक्टोबर हा दिवस त्यांच्या पदार्थासाठी राखला गेला. उत्सवातल्या स्पर्धेत बशा चाखून निकाल देणाऱ्या परीक्षकांमध्ये वकिलाकडून निराश होऊन परतलेला तो मुलगा, धाकटा इग्नासिओ अनाया, वर्षानुवर्षे बसत असे.