विश्वाचा आरंभ शोधणारे धर्मगुरू : फादर जॉर्ज लमेत्र

विज्ञान शिकले की श्रद्धा उडते, अशी भीती आपल्यातील काही पालकांना वाटते. उलट आपली कॉलेजात जाणारी मुले विचारतात, महास्फोट खरा मानायचा की उत्पत्तीचे पुस्तक? म्हणून आज आपण एका धर्मगुरूंची ओळख करून घेऊ या. महास्फोटाच्या कल्पनेचे जनक तेच होते.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरॉय येथे झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकून ते लुव्हेन विद्यापीठात इंजिनिअरिंगसाठी गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि हा तरुण तोफखान्यात दाखल झाला. शौर्यपदक घेऊन परतल्यावर त्यांनी इंजिनिअरिंग सोडले, १९२० साली गणितात डॉक्टरेट मिळवली आणि ते सेमिनरीत दाखल झाले. सप्टेंबर १९२३ मध्ये कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिज व अमेरिकेत खगोलशास्त्राचा अभ्यास करून १९२५ साली ते लुव्हेनमध्ये शिकवू लागले.

त्या काळी विश्व स्थिर आहे असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. १९२७ साली फादर लमेत्र यांनी आइनस्टाइन यांच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व मांडले. पण केवळ गणितावर ते थांबले नाहीत. त्यांनी ४२ दीर्घिकांची अंतरे व वेग तपासले आणि प्रसरणाचा दर काढला : दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ६२५ किलोमीटर. तेव्हाची अंतरे चुकीची असल्याने हा आकडा फार मोठा आला. आज तो ७० च्या आसपास मानतात. पण दिशा बरोबर होती. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आइनस्टाइन यांनी त्यांचे गणित मान्य केले, मात्र त्यातील भौतिकशास्त्र त्यांना मुळीच पटले नाही. फादर डगमगले नाहीत. पुढे पुरावे वाढले आणि आइनस्टाइन यांनाही प्रसरण स्वीकारावे लागले.

१९३१ साली फादरांनी पुढचे पाऊल टाकले : सारे विश्व एका आद्य अणूतून निघाले असावे. धर्मगुरू असल्यामुळे ते निर्मितीची कथा विज्ञानात घुसवीत आहेत, अशी शंका काहींना आली. त्यामुळे १९५१ साली पोप पायस बारावे यांनी विज्ञानाच्या या शोधांचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते फादर लमेत्रच! सिद्धान्त उद्या बदलू शकतो. श्रद्धा त्याच्यावर टांगून ठेवू नये, असे त्यांचे मत होते. १९५२ साली रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपसाहेबांनी तो संबंध पुन्हा जोडला नाही. १९६० पासून अखेरपर्यंत फादर पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

आद्य विश्वाची उष्णता आजही अवकाशात मंद किरणांच्या रूपाने उरली आहे, हा शोध १९६५ साली जाहीर झाला. आजारी फादरांना ही वार्ता कळली. २० जून १९६६ रोजी ते देवाघरी गेले.

त्यांचे काम थांबलेले नाही. आरंभीच्या अतिसूक्ष्म क्षणात विश्व प्रचंड वेगाने फुगले, असा विचार १९८० च्या सुमारास पुढे आला. त्यामागे एक अदिश क्षेत्र असावे असे मानतात. खोलीत जागोजागी तापमानाचा एकेक आकडा असतो, त्याला दिशा नसते, तसेच हे क्षेत्र. त्याची कितीतरी प्रारूपे मांडली गेली. २००९ साली सोडलेल्या प्लँक उपग्रहाने त्याच मंद किरणांतील बारीक फरक मोजले. त्या व नंतरच्या मोजमापांपुढे काही अगदी साधी, सुबक प्रारूपेही टिकली नाहीत. फुगवट्याचा निर्णायक पुरावा अजून हाती यायचा आहे. ४२ दीर्घिका घेऊन बसलेल्या फादरांचीच ही रीत : कल्पना कितीही सुंदर असो, तिला निरीक्षणाच्या कसोटीला उतरावे लागते.

२०१८ साली जगातील खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्रसरणाच्या नियमाला हबल यांच्याबरोबर लमेत्र यांचेही नाव देण्याची शिफारस केली.

आपल्या मुलांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. सत्याला सत्याचे भय नसते. दुर्बीण आणि वेदी या दोहोंशी प्रामाणिक राहिलेल्या या धर्मगुरूंची गोष्ट आपण त्यांना जरूर सांगावी.