एक ॲप दुसऱ्या ॲपच्या मेमरीत का घुसू शकत नाही? या कुलपाची पहिली चावी बनवणारे टॉम किलबर्न

आत्ता तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप चालू असेल, मागे बँकेचं ॲप उघडं असेल आणि जोडीला कुठला तरी फुकटचा गेमही असेल. या तिघांचा डेटा एकाच मेमरी चिपमध्ये शेजारी शेजारी पडलेला असतो. तरीही गेमला बँकेच्या ॲपचा डेटा वाचता येत नाही.

असं का?

कारण ॲपला मेमरीचा जो पत्ता दिसतो, तो खरा नसतोच. खरा पत्ता एका तक्त्यात लिहिलेला असतो. त्याला म्हणतात पेज टेबल. हा तक्ता ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असतो. आणि कुठल्याही ॲपनं त्याला हात लावू नये, याची राखण खुद्द प्रोसेसर करतो.

मेमरीवर असा पहारा बसवणारं पहिलं मोठं मशीन इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात तयार झालं. त्यामागच्या टीमचे म्होरके होते टॉम किलबर्न.

रडारच्या कामावर आलेला गणितवाला

टॉमचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा. गाव यॉर्कशायरमधलं ड्यूसबरी, लोकरीच्या गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं. वडील कारकून. शाळेत टॉमला गणिताची इतकी गोडी लागली की चौदाव्या वर्षापासून तो जवळजवळ फक्त गणितच शिकला. पुढे स्कॉलरशिप मिळवून केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गेला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, अभ्यासक्रम आटोपशीर केले होते. १९४२ मध्ये पहिल्या वर्गात पास होऊन तो बाहेर पडला.

युद्धकाळात अशा पोरांना घरी बसायची मुभा नव्हती. वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक छोटा कोर्स करवून त्याला माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात धाडलं गेलं. तिथे फ्रेडी विल्यम्स नावाचे नावाजलेले इंजिनिअर होते. त्यांना हाताखाली अनुभवी माणूस हवा होता आणि समोर आला हा कोरा गणितवाला. विल्यम्स काही खूश झाले नाहीत. पण युद्ध संपेपर्यंत चित्र पालटलं होतं, या पोराशिवाय विल्यम्स यांचं पान हलेना.

टीव्हीच्या पडद्यावर साठवलेले आकडे

युद्ध संपलं तेव्हा वेगात हिशेब करणारी यंत्रं तयार होती, पण आकडे आणि सूचना साठवायला चपळ मेमरी नव्हती. विल्यम्स यांनी यावर एक तोडगा शोधला. जुन्या टीव्हीत असायची तशी काचेची पिक्चर ट्यूब घ्यायची आणि तिच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके उमटवायचे. एका प्रकारचा ठिपका म्हणजे शून्य, दुसऱ्या प्रकारचा म्हणजे एक.

अडचण अशी की हे ठिपके सेकंदाच्या छोट्याशा भागात पुसले जायचे. म्हणून ते वाचायचे आणि लगेच पुन्हा लिहायचे, सतत. आजच्या रॅममध्येही डेटा असाच पुन्हा पुन्हा ताजा करत राहावा लागतो.

१९४६ च्या शेवटी विल्यम्स मँचेस्टरला प्रोफेसर झाले आणि किलबर्न त्यांच्याबरोबर गेले. वर्षभरात त्यांनी एका ट्यूबवर २०४८ बिट साठवून दाखवले. पण मेमरी खरंच चालते का, हे कम्प्युटरला जोडल्याशिवाय कळणार कसं? म्हणून जेफ टूटिल यांच्यासोबत त्यांनी एक छोटं मशीन उभं केलं. त्याचं लाडाचं नाव पडलं बेबी.

२१ जून १९४८ ला बेबीनं किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्राम चालवला. काम होतं २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सगळ्यात मोठा विभाजक शोधायचं. ५२ मिनिटांनी बरोबर उत्तर आलं: १,३१,०७२. स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक मेमरीत प्रोग्राम साठवून तो चालवणारा हा जगातला पहिला कम्प्युटर.

या ट्यूबची एक खोड होती. एकच ठिपका पुन्हा पुन्हा वाचला, की शेजारचे ठिपके बिघडायचे. ही खोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओटा आणि माळा

बेबी मोठी होत गेली, पण नवी डोकेदुखी घेऊन. चपळ मेमरी महाग आणि थोडी. फिरत्या ड्रमवरची चुंबकीय मेमरी स्वस्त आणि भरपूर, पण संथ. घरात ओट्यावर चार डबे मावतात आणि बाकीचं धान्य माळ्यावर, तसा हा प्रकार. माळ्यावरून काय उतरवायचं आणि कधी परत ठेवायचं, हे प्रत्येक प्रोग्रामरला स्वतः ठरवावं लागे. त्यातच त्याचा जीव जाई.

१९५६ च्या सुमारास किलबर्न यांनी नवं मशीन हाती घेतलं. १९५९ मध्ये फेरांटी कंपनी सोबत आली आणि मशीनचं नाव ठरलं ॲटलास. किलबर्न, डेव्हिड एडवर्ड्स, लॅनिगन आणि फ्रँक समनर यांनी ही चढउतार मशीनवरच सोपवायचं ठरवलं.

त्यांनी मेमरीची ५१२ शब्दांची पानं केली. ओट्यावर, म्हणजे चपळ मेमरीत, अशी ३२ पानं मावत. प्रत्येक जागेला एक रजिस्टर जोडलं आणि त्यात तिथे आत्ता कोणतं पान आहे, ते लिहिलं. प्रोग्रामनं पत्ता मागितला की तो ३२ रजिस्टरांशी एकाच वेळी ताडून बघितला जाई. सापडला तर काम पुढे. नाही सापडला तर प्रोग्राम थांबे आणि सुपरवायझर नावाचा मुख्य प्रोग्राम ड्रमवरून ते पान आणून देई. जागा नसेल तर सध्या कोणतं पान लागणार नाही, याचा अंदाज बांधून ते माळ्यावर टाकलं जाई.

प्रोग्रामरला मात्र एकच लांबलचक मेमरी दिसे. आज आपण याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. जर्मनीत फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंट्श यांनीही पन्नासच्या दशकात अशीच कल्पना आपल्या प्रबंधात मांडली होती. पण ती प्रत्यक्ष राबवणारं मशीन मँचेस्टरमध्ये उभं राहिलं.

पहारेकऱ्यावर पहारा

ॲटलासवर एका वेळी अनेकांचे प्रोग्राम असत. एकाच्या चुकीनं दुसऱ्याचं काम बिघडलं तर? म्हणून प्रत्येक पानाच्या रजिस्टरला एक कुलपाचा बिट होता. तो लावला की प्रोग्रामला ते पान बंद.

पण कुलूप लावणाऱ्या सुपरवायझरलाच कुणी बिघडवलं तर? याचं उत्तर टीमनं लोखंडात दिलं, अगदी शब्दशः. सुपरवायझरचा महत्त्वाचा भाग तारांच्या जाळीत फेराइटच्या बारीक कांड्या खोचून बनवलेल्या मेमरीत होता. ती फक्त वाचता येई. कुठल्याही प्रोग्रामला ती बदलणं शक्यच नव्हतं, कारण बदलायला हातानं कांड्या काढाव्या लागत. सुपरवायझरची कामाची मेमरीही वेगळी होती, आणि साध्या प्रोग्रामनं तिकडे वळायचा प्रयत्न केला तर हार्डवेअरच त्याला अडवी.

म्हणजे राखण करणारा आणि ज्याची राखण करायची तो, दोघांना एकाच खोलीत ठेवायचं नाही.

७ डिसेंबर १९६२ ला ॲटलासचं उद्घाटन झालं. तेव्हा ते जगातल्या सर्वात ताकदवान कम्प्युटरांपैकी एक होतं. पण धंद्याचं गणित जमलं नाही. मूळ ॲटलास फक्त तीन बनले आणि १९६३ मध्ये फेरांटीनं हा व्यवसाय विकून टाकला. आयबीएमनं आपल्या मुख्य मशीनांमध्ये व्हर्च्युअल मेमरी आणली ती १९७२ मध्ये, आणि इंटेलच्या पीसी प्रोसेसरमध्ये पेजिंग आलं १९८५ च्या ८०३८६ पासून. कल्पना जगभर पसरली, पण पैसा भलत्यांनीच कमावला.

किलबर्न मँचेस्टर सोडून गेले नाहीत. १९६४ मध्ये ब्रिटनमधला पहिला कम्प्युटर सायन्स विभाग त्यांनी तिथेच सुरू केला आणि नंतर एमयू५ हे मशीन बनवलं. मानसन्मान मिळाले, तरी प्रसिद्धीच्या मागे ते कधी लागले नाहीत. फुटबॉलमध्ये ते मँचेस्टर युनायटेडचे पक्के चाहते. पत्नी आयरीन आजारी असल्यानं १९८१ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्या गेल्या. १९९८ मध्ये बेबीची हुबेहूब प्रतिकृती सुरू झाली, तो सोहळा त्यांना पाहायला मिळाला. १७ जानेवारी २००१ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, मँचेस्टरमध्येच त्यांचं निधन झालं.

जुनी खोड परत आली

आता त्या ट्यूबच्या खोडीकडे येऊ. २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवलं की आधुनिक रॅममध्ये एकच ओळ वेगानं पुन्हा पुन्हा वाचली, तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. याला रोहॅमर म्हणतात. पुढच्याच वर्षी गुगलच्या टीमनं याच युक्तीनं थेट पेज टेबलमधला बिट उलटवला आणि साध्या प्रोग्रामला कर्नलचे अधिकार मिळवून दिले. तक्त्याला हात न लावता तक्ताच बदलला!

आणि कर्नलमध्येच एखादी चूक सापडली, तर हल्लेखोर कर्नलच्या नावानंच तक्ता बदलू शकतो. म्हणून आता तक्त्याची चावी कर्नलकडेही ठेवायची नाही, अशी सोय हार्डवेअरमध्ये होऊ लागली आहे. ॲपलनं आयफोनमध्ये हे काम पेज प्रोटेक्शन लेयर नावाच्या छोट्या भागाकडे दिलं. तेव्हा प्रोसेसर फक्त त्यालाच पेज टेबल बदलू देई, बाकीच्या कर्नललाही नाही.

राखणदार वेगळ्या खोलीत ठेवायचा हा विचार ॲटलासमध्ये साठ वर्षांपूर्वीच आला होता. तेव्हा त्यासाठी फेराइटच्या कांड्या होत्या, आता चिपमधली सर्किट्स आहेत. पुढच्या वेळी फोनवर बँकेचं ॲप उघडाल, तेव्हा हे कुलूप आधीच लागलेलं असेल.