फाळकेंची दोन आठवड्यांची इंटर्नशिप

परदेशात इंटर्नशिप शोधायची म्हटलं की आपण काय करतो? सीव्ही चकाचक करतो, पन्नास कंपन्यांना एकच मेल पाठवतो आणि मग दिवसभर इनबॉक्स उघडून बघत बसतो. उत्तर आलं नाही की कॉलेजच्या नावाला नाहीतर नशिबाला दोष देऊन मोकळे! पण शंभरेक वर्षांपूर्वी एक मराठी माणूस शिफारसपत्राशिवाय लंडनला गेला आणि तिथल्या नामांकित स्टुडिओत काम शिकून आला. तेव्हा त्याचं वय होतं ४१. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब फाळके.

त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या फाळकेंनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं. गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय केला. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग छापखाना काढला. छपाईतलं नवं तंत्र बघायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून छापखान्यातून बाहेर पडले. घरात मुलंबाळं आणि हातात काम नाही, अशी अवस्था.

त्याच काळात मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आपल्या देवादिकांचे चित्रपट आपणच काढायचे. पण हे शिकवणार कोण? भारतात तसं कॉलेज नव्हतं. मग त्यांनी छोटा कॅमेरा आणि रिळं मिळवली, रोज चार-पाच तास चित्रपट बघायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि हा गडी पुन्हा कामाला लागला.

पुढचं शिक्षण इंग्लंडमध्येच मिळणार होतं. त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोट पकडली.

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. फिरता फिरता ‘बायोस्कोप’ या सिनेसाप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली. फाळके मुंबईत या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते! ते सरळ आत शिरले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्तच केलं. इथे इंग्लंडमध्ये लोक या धंद्यात बुडतात, भारताच्या हवेत तर हे जमायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं. पण बोलता बोलता लक्षात आलं, की हा माणूस बराच अभ्यास करून आलाय. त्यांनी फाळकेंची गाठ निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली.

हेपवर्थचा स्टुडिओ लंडनजवळच्या वॉल्टनला होता. त्यांनी फाळकेंना सगळे विभाग मोकळे करून दिले. चित्रीकरण कसं होतं, फिल्म कशी धुतात, हे फाळकेंनी जवळून पाहिलं. लंडनमधला मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची खरेदी करून ते एप्रिलमध्ये मुंबईत परतले.

आता भांडवल हवं होतं. त्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. बीचं रोप होताना पडद्यावर दिसल्यावर पैसे देणारे तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायला आणि ती धुवायलाही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. ज्यांच्याकडे शिकले, त्याच हेपवर्थनी त्यांना आता तिथेच चित्रपट काढायची ऑफर दिली. आजच्या भाषेत पीपीओच! फाळकेंनी ती नाकारली. इकडे महायुद्धामुळे भांडवलदारांनी हात आखडते घेतले होते, कर्ज डोक्यावर होतं. तरी ते परत आले आणि नाशिकला चित्रपट काढत राहिले. १९४४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

दोन आठवडे पुरले, कारण आपलं नेमकं कुठे अडतंय हे त्यांना मुंबईतच कळलं होतं. तेव्हा दोस्तांनो, पुढचा मेल पाठवण्याआधी दोनच ओळी लिहून बघा: मी स्वतः काय करून पाहिलंय आणि माझं कुठे अडलंय. त्या जमल्या की बाकीचा मेल आपोआप जमेल.