मुक्ताबाई : खापर आणि थापटणे

तुम्ही जळगाव-धुळे परिसरातले असाल, तर पालथ्या खापरावर भाजलेली पुरणाची पोळी तुम्हाला नवी नाही. मुक्ताबाईंच्या चरित्राकडे या खापराच्या वाटेने गेलात, तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यांच्याविषयीच्या दोन प्रसिद्ध कथांतील मोक्याची वस्तू कुंभाराच्या घरची आहे.

परंपरेनुसार मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१ (इ.स. १२७९) मधला. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव आणि सोपानदेव हे थोरले भाऊ. चारही भावंडे कवी. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, म्हणून हे कुटुंब वाळीत पडले. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, तेव्हा मुक्ताबाई खापर आणायला कुंभाराकडे गेल्या; पण विसोबा चाटी यांनी कुंभारांना आधीच मना केले होते. त्या रिकाम्या हाताने परतल्या. पुढे ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. आपण बहुधा या चमत्कारापाशीच रेंगाळतो. कुंभाराचे या मुलीशी वैर नव्हते. परंतु गावाच्या बलुत्यावर जगणारा कारागीर गावातील वजनदार माणसाचा शब्द कसा मोडणार, याचाही विचार तुम्ही करावा.

दुसऱ्या कथेत कुंभार वेगळा आहे. तेरचे गोरोबा संतांमध्ये वडीलधारे, म्हणून सर्वांचे काका. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी त्यांचे थापटणे पाहिले आणि हे कशासाठी, असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर मिळताच त्यांनी जमलेल्या संतांची पारख करायला सांगितले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. नामदेव तेवढे रागावले, आणि कच्चे ठरले.

येथे मुक्ताबाईंनी स्वतः निवाडा दिला नाही, तो अधिकार कारागिराच्या हाती सोपवला. माझ्या मते कथेतील खरे धाडस हेच. विठ्ठलाच्या लाडक्या भक्ताची पारख शास्त्री-पंडित करत नाहीत, एक कुंभार करतो, तीही एका मुलीच्या सांगण्यावरून. शिवाय थापटणे हे मुळात घडवण्याचे साधन. आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटले की ओल्या मडक्याची भिंत पातळ व सारखी होते. कच्चेपण म्हणजे फुकट गेलेली माती नव्हे, हे कुंभाराला वेगळे सांगावे लागत नाही.

दुखावलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना शरण गेले. मांड्यांच्या प्रसंगाने पालटलेले विसोबा चाटी ते हेच, असे परंपरा मानते. खापर नाकारायला लावणाऱ्याच्याच हातून कच्चे मडके भाजून निघाले! महिपतींनी १७६२ मध्ये रचलेल्या ‘भक्तविजया’त या संतकथा वाचताना हा दुवा ध्यानात ठेवा.

रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत घालणारे ताटीचे अभंग मुक्ताबाईंच्या नावावर आहेत. योगी चांगदेवांच्या त्या गुरू झाल्या. ज्ञानदेव व सोपानदेव यांच्या समाधीनंतर त्या निवृत्तिनाथांसह तापीकाठी आल्या. शके १२१९ (इ.स. १२९७) च्या वैशाखात वीज कडाडली आणि त्या अंतर्धान पावल्या, असे मानतात. कोथळी व मेहूण येथे त्यांची मंदिरे आहेत आणि पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. दर आषाढीला त्यांची पालखी येथून पंढरपूरला जाते. त्याआधी, त्याच वैशाखात, आखाजीला खानदेशातील घरोघरी कुंभाराकडून नवी घागर आलेली असते.