अंबाजोगाईचा संन्यासी मुख्याध्यापक

स्वामी रामानंद तीर्थ म्हटले की हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सेनापती डोळ्यांपुढे येतो. भगवी वस्त्रे ल्यालेला हा नेता आधी शिक्षक होता, आणि सेनापतीची घडण शाळेच्या वर्गातच झाली, याचा मात्र अनेकांना विसर पडतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला तो पडलेला नाही. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावी स्वामीजींनी मुख्याध्यापक म्हणून घालवलेली तीन वर्षे मराठवाड्याच्या इतिहासात मोलाची ठरली.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. लोकमान्यांच्या निधनाने आणि असहकाराच्या हाकेने भारावलेल्या पिढीतील ते एक. सरकारी शाळेची वाट सोडून त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला आणि पुण्याच्या टिळक महाविद्यालयात लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत काम करताना प्रकृतीने दगा दिला. त्या दुखण्यातून सावरल्यावर, १९२९ मध्ये, ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यातील राष्ट्रीय शाळेत दाखल झाले. संन्यासदीक्षाही त्यांनी याच काळात घेतली. संन्यास घेऊनही त्यांनी रानाची वाट धरली नाही. शाळा हेच त्यांचे तपोवन झाले.

निजामी राजवटीत ही निवड सोपी नव्हती. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड, पण राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम करून मोठेच धाडस केले होते. मराठी मुलाला मात्र तेथेही स्वतःच्या भाषेत विचार करण्याची मुभा नव्हती. खासगी शाळा काढायची तर परवानगी हवी, सभा घ्यायची तरी परवानगी हवी. अशा वातावरणात मुलांनी प्रश्न विचारू नयेत, पाठ केलेले म्हणून दाखवावे आणि नोकरीला लागावे, हेच व्यवस्थेच्या सोयीचे होते. राष्ट्रीय शाळांची रीत याच्या नेमकी उलट होती. अंगमेहनत, साधी राहणी, मातृभाषा आणि गुरू-शिष्यांचा अष्टौप्रहर सहवास यांतून मुलाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, अशी तेथे अपेक्षा असे.

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला आले. निजामाच्या दप्तरी या गावाचे नाव मोमिनाबाद असे होते. योगेश्वरीच्या शाळेची धुरा त्यांनी सहकाऱ्यांसह खांद्यावर घेतली. ग्रामदेवतेच्या नावाने चालणारी ही शाळा पाहता पाहता मराठवाड्यातील राष्ट्रीय जाणिवेचे केंद्र बनली.

बाहेर मात्र वारे बदलत होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्याच वर्षी लातूरला दुसरे. नागरी हक्कांचा प्रश्न आता टाळता येणार नव्हता. स्वामीजींपुढे पेच उभा राहिला. शाळा नुकती कोठे रुजू लागली होती, मुले त्यांच्या भोवती जमली होती. आणि दुसरीकडे संस्थानभरातील प्रजा नेतृत्वाची वाट पाहत होती. १९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेऊन तुरुंगवास पत्करला.

शिक्षकाची खरी कसोटी तो वर्गातून निघून गेल्यावर लागते. शिक्षक गेला आणि शाळा कोसळली, तर त्याने अनुयायी तयार केले, असे म्हणावे लागेल. शाळा चालत राहिली, तर त्याने माणसे तयार केली. योगेश्वरीची शाळा चालत राहिली, वाढली आणि तिच्यातून पुढे महाविद्यालयही उभे राहिले. त्याच १९३८ च्या अखेरीस औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षणावर पाणी सोडले. शेकडो मुलांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या छत्राखाली घेतले, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतीलच एक, पुढे ते स्वामीजींचे निकटचे अनुयायी झाले. या मुलांना कोणी घोकून घेऊन लढा शिकवला नव्हता. स्वतः निर्णय घेण्याचे आणि त्याची किंमत मोजण्याचे शिक्षण त्यांनी हवेतूनच उचलले होते, आणि ती हवा निर्माण करण्यात राष्ट्रीय शाळांचा वाटा मोठा होता.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकवल्याबद्दल झालेली अटक, पुन्हा कारावास आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची मुक्तता. त्यानंतर स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले. तरी सत्तेच्या पदापेक्षा शाळा-महाविद्यालयेच त्यांना अधिक जवळची वाटली. त्यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. औपचारिक परीक्षांत वारंवार अडखळलेले, पण स्वतःच्या वाचनाने विद्वान झालेले नरहर कुरुंदकर याच महाविद्यालयात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. स्वयंअध्ययनाचा इतका मोठा सन्मान एखाद्या संस्थेने करावा, हे तिच्या संस्थापकाच्या शिक्षणदृष्टीला साजेसेच होते.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निधन झाले. नांदेडचे विद्यापीठ, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण शिकवणी वर्ग आणि गुणपत्रिका यांच्या गराड्यात सापडलेल्या आजच्या पालक-शिक्षकांना त्यांच्या आयुष्यातून घ्यायचे ते वेगळेच आहे. विद्यार्थ्याला आपली गरज उरू नये, यासाठी झटणे हेच शिक्षकाचे काम. अंबाजोगाईच्या या संन्यासी मुख्याध्यापकाने ते केले, आणि वेळ येताच शांतपणे वर्गाबाहेर पाऊल टाकले.