विश्लेषण : जेपी, डायलिसिस आणि आठवड्याचे १६८ तास

आणीबाणीचा विषय निघाला की जयप्रकाश नारायण यांची अटक आठवते. त्यांच्या किडन्यांचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा येथे जन्मलेले जेपी तरुणपणी काटक होते. शिकायला अमेरिकेत गेले, तिथे मळ्यांत मजुरी केली. १९४२ मध्ये ऐन दिवाळीच्या रात्री धोतरे बांधून हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडली आणि साथीदारांसह निसटले.

१९७५ मध्ये वय ७२, त्यात मधुमेह. २६ जूनच्या पहाटे दिल्लीत अटक झाली, पुढे चंडीगडच्या रुग्णालयात स्थानबद्धता. तब्येत ढासळल्यावर नोव्हेंबरमध्ये सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झाले, ते कायमचेच. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान निधीतून आलेला ९० हजारांचा धनादेश जेपींनी परत केला.

यंत्र आहे, मग पथ्य कशाला?

इंजिनीअरिंग केलेल्याला डायलिसिस म्हणजे एक फिल्टर वाटतो. मलाही वाटायचा. पण हिशेब करून पाहा. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. यंत्र साधारण तीनदा, चार-चार तास, म्हणजे १२ तास. उरलेल्या १५६ तासांत पाणी, मीठ, पोटॅशियम अंगात साचत राहते. पोटॅशियम वाढले तर हृदयच बंद पडू शकते. म्हणून एरवी पौष्टिक असलेले शहाळे, केळी इथे जपून. ‘लो सोडियम’ मीठ तर नकोच, त्यात बहुधा पोटॅशियमच असते.

घरोघरी एक चूक होते. डायलिसिसआधी प्रथिने मोजून घ्यायला सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांची गरज उलट वाढते, तरी डाळ-अंडी बंदच राहतात आणि स्नायू झिजतात. किती खायचे, हे आहारतज्ज्ञांना पुन्हा विचारा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर रोज थोडे चालणेही हवे.

जेपी डायलिसिसवर असतानाच १९७७ च्या निवडणुकीत उतरले. फेब्रुवारीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर सभा घेतली, मार्चमध्ये सत्तांतर झाले. पुढे पाटण्याच्या घरीही यंत्राची सोय झाली. मार्च १९७९ मध्ये त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट संसदेत जाहीर झाली, तेव्हा ते जसलोकमध्ये उपचार घेत होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. ७७ वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.